सोल, सुवॉन, ग्योंगजू: जळालेलं पुन्हा उभं करणाऱ्यांच्या देशात

कोरियाला जायचं ठरलं तेव्हा आईची एकच अट होती. "राजवाडे नीट बघायचेत गं. नुसते फोटो काढून पुढे पळायचं नाही." गेली काही वर्षं ती मोबाईलवर कोरियन ऐतिहासिक मालिका मन लावून बघते. कोरियावर राज्य केलेल्या जोसॉन घराण्यातली भाऊबंदकी तिला पेशवाईतल्या भाऊबंदकीइतकीच तोंडपाठ आहे. त्यामुळे मी हॉटेल आणि विमान सोडून बाकी सगळा खर्च गाईडसह होणाऱ्या दिवसभराच्या सहलींवर टाकला. सकाळी निघायचं, एकच भाग सावकाश बघायचा, रात्री मुक्कामाला परत. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, हवा कोरडी आणि थंड, रस्त्याकडेची गिंगकोची झाडं पिवळीधमक झालेली.

बुधवार: सोलमधले दोन राजवाडे

सकाळी नऊला ग्वांगह्वामुन चौकात भेटायचं होतं. आमच्या गाईड साठीच्या आसपासच्या, पूर्वी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई. इंग्रजी संथ आणि स्वच्छ. चौकात दोन मोठे पुतळे आहेत. पुढे 1968 मध्ये बसवलेला नौसेनापती यी सुन-शिन आणि मागे 2009 मधला, सिंहासनावर बसलेला सेजोंग राजा. कोरियन लिपी याच सेजोंगची. 1443 मध्ये ती तयार झाली आणि 1446 मध्ये प्रजेसमोर आली. पुतळ्यापुढे पर्जन्यमापक आणि छायाघड्याळाच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. राजाच्या पायाशी तोफा न ठेवता पाऊस मोजायचं भांडं ठेवावंसं वाटणं, हे मला फार आवडलं.

दहाच्या ठोक्याला ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या दारात पहारा बदलण्याचा सोहळा होतो. मोठमोठे नगारे, लाल-निळे अंगरखे, टोपीवर पिसं. गर्दी तुफान असते, पण दहा-पंधरा मिनिटं थांबावंच. त्यानंतर बाईंनी आम्हाला दारापासून थोडं लांब नेलं आणि विचारलं, "हे दार किती जुनं असेल, सांगा बरं?"

आई म्हणाली, सहाशे वर्षं. राजवाडा 1395 चा, म्हणजे हिशेब बरोबर होता. पण 1592 मध्ये जपानी सैन्य चालून आलं तेव्हा सगळा राजवाडा जळाला आणि पावणेतीनशे वर्षं तिथं नुसते अवशेष होते. 1867 मध्ये गोजोंग राजाच्या वडिलांनी तो पुन्हा बांधून घेतला. पुढे 1910 मध्ये जपाननं देशच गिळला. जपान्यांनी आतल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि हे दार उचलून बाजूला नेऊन ठेवलं. कोरियन युद्धात त्याचा वरचा लाकडी भाग जळाला. 1968 मध्ये ते काँक्रीटमध्ये उभारलं, आणि तेही समाधानकारक वाटेना म्हणून पाडून 2010 मध्ये मूळ जागी, मूळ दिशेला, लाकडात बांधलं. दारावरची पाटीसुद्धा 2023 मध्ये पुन्हा बदलली: जुन्या नोंदींच्या आधारे काळ्या फळीवर सोनेरी अक्षरं. बाई हे सगळं आवाज न चढवता सांगत होत्या, पण एकही साल चुकत नव्हत्या.

दारातून आत गेल्यावर दरबाराच्या महालापर्यंत मोकळं अंगण लागतं. याच जागेवर 1926 मध्ये जपानी गव्हर्नर-जनरलची अवाढव्य दगडी कचेरी उभी राहिली, राजवाड्याचं तोंड झाकून टाकेल अशी. स्वातंत्र्यानंतर तीच इमारत कोरियन सरकारनं वापरली, नंतर तिथं राष्ट्रीय संग्रहालय होतं. 1995 मध्ये, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या 15 ऑगस्टला तिचा कळस उतरवला आणि पुढच्या वर्षापर्यंत सगळी इमारत काढून टाकली. कोरियाचा स्वातंत्र्यदिनही 15 ऑगस्टच, वर्ष 1945. हे ऐकल्यावर आईनं बाईंचा हात धरला आणि आमचाही तोच दिवस असं सांगितलं. तिथून पुढे त्या दोघींचं वेगळंच सूत जुळलं.

दरबाराच्या अंगणातली फरशी मुद्दाम खडबडीत ठेवलेली आहे. गुळगुळीत घासलेला ग्रॅनाइट उन्हात डोळ्यांवर चमकला असता आणि पावसात पाय घसरला असता. दोन्ही बाजूंना अधिकाऱ्यांच्या श्रेणी कोरलेले ठेंगणे दगड आहेत, पूर्वेला मुलकी, पश्चिमेला लष्करी. फरशीत लोखंडी कड्याही दिसतात. मांडवाचे दोर बांधायला त्या होत्या. महालाच्या आत सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच शिखरं रंगवलेला पडदा आहे. आत जाता येत नाही, उंबऱ्याबाहेरून बघायचं.

मग बाईंनी आम्हाला छपराकडे बघायला लावलं. कौलांच्या धारेवर, कोपऱ्याच्या टोकाशी मातीच्या छोट्या आकृत्या ओळीनं बसलेल्या असतात. वाईट शक्तींना दूर ठेवणाऱ्या. परंपरेनं या आकृत्या म्हणजे बुद्धाचे ग्रंथ आणायला भारतात निघालेला चिनी भिक्षू आणि त्याचे सोबती. भिक्षू म्हणजे आपला शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग! पुलकेशी दुसऱ्याच्या काळात जो महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसं स्वाभिमानी, उपकार न विसरणारी आहेत असं लिहून गेला, तोच इथं सोलच्या राजवाड्यावर बसलेला. मी त्या एका कोपऱ्याचे कितीतरी फोटो काढले.

राण्यांच्या महालामागे गेलात तर धुराड्यांपाशी थांबा. कोरियन घरात जमीन खालून तापवतात, ओंदोल पद्धत. बाहेर चूल पेटवायची, धूर आणि ऊब फरशीखालच्या पोकळीतून फिरवायची आणि लांबवरच्या धुराड्यातून बाहेर सोडायची. इथली धुराडी भाजलेल्या विटांची आहेत. राजमाता जो हिच्यासाठी बांधलेल्या महालाचं धुराडं तर मागच्या भिंतीतच मिसळून टाकलंय, आणि त्यावर दीर्घायुष्याची चिन्हं: सूर्य, डोंगर, पाणी, ढग, पाइन, कासव, हरीण, करकोचा. नारिंगी विटांमध्ये पांढऱ्या चुन्याच्या रेघा, एकेक पान वेगळं दिसेल इतकं बारीक काम. धूर जायच्या वाटेवर कुणी एवढा जीव लावतं का? वृद्ध बाईला खोलीत ऊब हवी आणि डोळ्यासमोर आयुष्य वाढवणारी चित्रं हवीत, असा विचार करून केलेलं ते काम आहे. आई तिथून हलायला तयार नव्हती.

राजवाड्याच्या अगदी मागच्या टोकाला एक साधा, बिनरंगाचा वाडा आहे. कोरियातला पहिला विजेचा दिवा 1887 मध्ये याच आवारात लागला. आणि 8 ऑक्टोबर 1895 च्या पहाटे गोजोंगची राणी मिन हिला जपानी मारेकऱ्यांनी इथंच ठार केलं, देह जाळून टाकला. मूळ वाडा पुढे जमीनदोस्त झाला, आज दिसतो तो 2007 मधला. मालिकांमध्ये आईनं हा प्रसंग पाहिला होता. प्रत्यक्ष ओसरीपुढे उभं राहिल्यावर ती काहीच बोलली नाही. बाईही बोलल्या नाहीत.

जेवणाबद्दल थोडं. आम्ही दोघी शाकाहारी. बिबिमबाप म्हणजे भात, वर पाच-सहा भाज्या आणि तिखट लाल चटणी. मांस आणि अंडं नको असं आधी सांगितलं की काम होतं. किमचीत बहुतेक वेळा माशांचा अर्क असतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुपारी चांगदोकगुंग. 1405 चा हा राजवाडा 1997 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ग्योंगबोकगुंग सरळ रेषेत मांडलेला आहे, तर हा डोंगराच्या उतारावर जसजशी जागा मिळेल तसतसा वळत गेलेला. मागचं राजउद्यान बघायला वेगळं तिकीट लागतं, माणसं मोजून सोडतात. शरद ऋतूत ही तिकिटं झटपट संपतात. उद्यानातल्या पहिल्या तळ्याला चार कोपरे आहेत आणि मधलं बेट गोल आहे: चौकोनी पृथ्वी, गोल आकाश. काठावरच्या दुमजली इमारतीत जॉंगजो राजानं 1776 मध्ये गादीवर येताच राजग्रंथालय सुरू केलं. या जॉंगजोची गोष्ट दुसऱ्या दिवशी सुवॉनला पुरी व्हायची होती. उद्यानाच्या खोल भागात गवतानं शाकारलेला एकच मंडप आहे आणि त्याच्यापुढे भाताचं इवलंसं खाचर. राजानं स्वतः भात लावायचा आणि त्याच पेंढ्यानं हे छप्पर शाकारायचं, अशी रीत. कोकणात आजोळ असलेल्या आईला त्या खाचरातली कापणी झालेली चुडं बघून कोण आनंद झाला.

गुरुवार: सुवॉनचा ह्वासॉंग किल्ला

वेळ कमी असेल आणि एकच सहल करायची असेल तर मी सुवॉन सांगेन. सोलच्या दक्षिणेला तासाभराचा रस्ता. किल्ला म्हटल्यावर आपल्याला डोंगर, चढ, घाम असं काही आठवतं. इथं तटबंदी शहराच्या मधोमध आहे, पावणेसहा किलोमीटरची, अर्धी सपाटीवर आणि अर्धी टेकडीवर. खाली बाजार, बस, शाळा सुटलेली मुलं, आणि वर फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून चालणारे आपण.

गाडीतच बाईंनी गोष्ट सुरू केली. जॉंगजोचे वडील, राजपुत्र सादो. 1762 च्या ऐन उन्हाळ्यात सादोच्या वडिलांनी, म्हणजे योंगजो राजानं, त्याला तांदूळ साठवायच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडलं. आठवडाभरानं तो आतच मेला. जॉंगजो तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. 1776 मध्ये गादीवर बसला त्या दिवशी त्यानं भर दरबारात सांगितलं की मी सादोचा मुलगा आहे. ज्या माणसाचं नाव घ्यायची चोरी होती, त्याच्याबद्दल हे बोलणं सोपं नव्हतं. 1789 मध्ये त्यानं वडिलांची समाधी सुवॉनजवळच्या डोंगरावर आणली, तिथल्या वस्तीला नवं गाव वसवून दिलं आणि त्या नव्या गावाभोवती हा किल्ला बांधला.

बांधकाम 1794 च्या सुरुवातीला सुरू झालं आणि 1796 च्या शरदात संपलं. तीन वर्षंही लागली नाहीत. योजना आखणारा जॉंग याक-योंग हा तिशीतला विद्वान अधिकारी. जड चिरे उचलायला त्यानं कप्प्यांचं यंत्र बनवलं, चार कप्प्या वर, चार खाली, दोन्ही अंगांना दोर गुंडाळायचे रहाट. त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती ह्वासॉंग संग्रहालयात आहे. मी बराच वेळ त्याचे दोर डोळ्यांनी मागोमाग नेत उभी होते.

आम्ही पश्चिमेच्या ह्वासोमुन दरवाजापासून चढलो. हा आणि दक्षिणेचा पालदालमुन, हे दोन दरवाजे मूळचेच, अठराव्या शतकातले. उत्तरेचा जांगानमुन कोरियन युद्धात उडाला होता, तो नंतर उभारला. पण जवळ जाऊन बघितलं तरी जुनं-नवं चटकन ओळखू येत नाही. दरवाजापुढे अर्धवर्तुळाकार भिंत घातलेली आहे, शत्रू दाराशी पोचला तरी मागून-पुढून माऱ्यात सापडावा म्हणून. आपल्याकडे महाराजांच्या किल्ल्यांवर गोमुखी बांधणीत दोन बुरुजांच्या कुशीत दरवाजा लपवतात, हेतू तोच. तटात जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं आहेत, लांबच्या माऱ्याच्या आणि जवळच्या माऱ्याच्या वेगवेगळ्या, उतार बदललेला. मी बोट घालून उतार दाखवला तेव्हा बाईंनी विचारलं, "तुम्ही सैन्यात होता का?" सह्याद्रीत वाढलेल्या कुणालाही एवढं कळतं, असं मी सांगितलं.

ह्वासोमुनशेजारी पोकळ टेहळणी बुरूज आहे, खाली दगड, वर विटा. आत मजले आणि चहूबाजूंना मारगिरीची भोकं. आणखी पुढे, पूर्वेच्या तटावर इशाऱ्याची पाच धुराडी ओळीत. शांतता असेल तर एकाच धुराड्यातून धूर. शत्रू दिसला की दोन, सरहद्दीजवळ आला की तीन, आत शिरला की चार, लढाई जुंपली की पाच. ओढ्यावरची सात कमानींची जलवेस ह्वाहोंगमुन आणि तिच्या वरच्या खडकावरचा मंडप, ही किल्ल्यातली सर्वांत देखणी जागा. मंडप मूळचा लष्करी टेहळणीसाठी, पण खाली तळं, काठाला वाकलेली झाडं, आणि त्या दिवशी तिथं चटया टाकून बसलेली कॉलेजची पोरं. आम्हीही तासभर बसलो.

पण सुवॉनमध्ये खरं बघण्यासारखं आहे ते एका पुस्तकात. बांधकाम संपल्यावर जॉंगजोनं सगळ्या कामाचा अहवाल तयार करवला. तो त्याच्या मृत्यूनंतर, 1801 मध्ये छापून झाला. 'ह्वासॉंग सॉंग्योक उइग्वे'. संग्रहालयात त्याची पानं मांडलेली आहेत. प्रत्येक दरवाजाचं, बुरुजाचं, पुलाचं चित्र. कप्पीयंत्र आधी पूर्ण जोडलेलं आणि मग सुटे भाग करून. किती चिरे, किती विटा, किती लोखंड, कुठल्या लाकडाला काय भाव. आणि कारागिरांच्या याद्या. दगडफोडे, सुतार, लोहार, रंगारी, प्रत्येकाचं नाव, गाव, किती दिवस काम केलं, किती मजुरी दिली. अर्ध्या दिवसाचाही हिशेब आहे. वेठबिगार नव्हती, मजुरी रोख होती. ज्यांना घराण्याचं नाव नाही असे, घरात धाकट्याला किंवा थोरल्याला हाक मारतात तशा नावांचे मजूरही त्या राजाच्या पुस्तकात आहेत. उन्हाळा कडक झाला तेव्हा राजानं कामावरच्या माणसांना उष्म्यावरच्या औषधाच्या गोळ्या पाठवल्या, तीही नोंद आहे.

मला रायगड आठवला. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे आणि ती पायरी बघताना दर वेळी गळा दाटून येतो. पण त्यांच्या हाताखाली राबलेल्या पाथरवटांची, सुतारांची नावं आपल्याकडे उरली नाहीत. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, वाडे जळाले, राहिली ती जोती. इथंही काही वेगळं घडलं नव्हतं. जपानी राजवटीत आणि युद्धात ह्वासॉंगची पार दुर्दशा झाली होती. मात्र 1975 ते 1979 मध्ये जीर्णोद्धार करायला घेतला तेव्हा हातात ही पोथी होती. ओसरीच्या खांबाची जाडी किती, याचं उत्तर कुणाच्या अंदाजावर सोडावं लागलं नाही. 1997 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळताना हाच दाखला कामी आला. नव्यानं बांधलेल्या भिंतींना वारसा म्हणायचं का, हा प्रश्न होताच. जे पुस्तकात आहे तेच जमिनीवर आहे, हे त्याचं उत्तर.

अशा राजकीय समारंभांच्या आणि बांधकामांच्या नोंदवह्या जोसॉन दरबारात शेकड्यांनी लिहिल्या गेल्या. 1866 मध्ये फ्रेंच आरमारानं गांगह्वा बेटावरून त्यातल्या कित्येक उचलून नेल्या. पॅरिसहून 2011 मध्ये 297 खंड परत आले, तेही कर्जाऊ, ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करायच्या बोलीवर. बाई हे सांगताना प्रथमच चिडलेल्या दिसल्या. आई म्हणाली, आमच्याकडे 2024 मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांसाठीच. दोघी मान हलवत राहिल्या.

दुपारी हेंगगुंग, म्हणजे राजा सुवॉनला आला की उतरायचा तो वाडा. जपानी राजवटीत तोही पाडून तिथं इस्पितळ आणि शाळा केली होती. पुनर्बांधणीचं काम टप्प्याटप्प्यानं 2024 पर्यंत चाललं. 1795 मध्ये इथल्या मुख्य महालात जॉंगजोनं आईची साठी साजरी केली. हान नदीवर नावा जोडून पूल केला, हजारोंचा लवाजमा घेऊन आईला पालखीतून इथं आणलं. कोरियात साठीला फार मान, कारण त्यांच्याकडेही कालगणनेचं चक्र साठ वर्षांनी पुरं होतं, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच. आपण षष्ट्यब्दी करतो ती त्याच हिशेबानं. आणि राजमाता ह्येग्योंग आणि राजपुत्र सादो दोघंही 1735 सालचे. म्हणजे पेटाऱ्यात मेलेल्या वडिलांचीही ती साठीच होती. मुलानं ते उघड म्हणायची गरज नव्हती, दरबारातल्या प्रत्येकाला कळत होतं.

महालात मेजवानीचा देखावा मांडला आहे. आईनं तिथं वाकून नमस्कार केला. बाबांची साठी व्हायच्या आतच ते गेले, त्यामुळे मीही तिथं जास्त वेळ थांबले.

शनिवार: ग्योंगजू

शुक्रवारी आराम केला, बाजारात फिरलो. शनिवारी पहाटेची वेगवान रेल्वे पकडून दोनेक तासांत ग्योंगजूला. सिल्ला राज्याची ही राजधानी, परंपरेनं इसवी सनपूर्व 57 ते इसवी सन 935. इथला गाईड स्थानिक तरुण होता, पुरातत्त्व शिकलेला.

आधी बुलगुक्सा विहार. 751 मध्ये किम दे-सॉंग या मंत्र्यानं बांधायला घेतला. लाकडी मंदिरं 1593 च्या स्वारीत जळाली, पण दगडी जोतं आणि जिने टिकले. जोत्याखालचे दगड नैसर्गिक, वेडेवाकडे आहेत, आणि त्यांच्यावर बसणारी घडीव शिळा खालच्या दगडाच्या उंचसखलपणाला जुळेल अशी कातरली आहे. खालचा दगड न तासता वरचा त्याच्या कलानं कापायचा! सांध्यात नखही जात नाही. अंगणात दोन स्तूप: एक अगदी साधा तीन टप्प्यांचा, दुसरा खांब-कठडे-पाकळ्यांनी नटलेला. साध्या स्तूपात 1966 मध्ये दुरुस्तीच्या वेळी कागदाची एक गुंडाळी सापडली, लाकडी ठशांनी छापलेलं धारणी सूत्र, म्हणजे बौद्ध मंत्रांचा ग्रंथ. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत ती गणली जाते.

विहाराच्या भोजनात कांदा-लसूण नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्या दुपारी जवळच्या खानावळीत आम्ही पहिल्यांदा काही न विचारता जेवलो.

मग तोहाम डोंगरावरचं सोकगुराम, बुद्धाचं लेणं. गाडीतळापासून झाडीतली सपाट मातीची वाट आहे, पानं लालभडक. शेवटी थोड्या पायऱ्या. बाहेरून दिसते एक छोटी लाकडी ओसरी आणि मागे मातीचा उंचवटा. आत काचेपलीकडे ग्रॅनाइटचा बुद्ध, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावरून जमिनीकडे, भूमिस्पर्श मुद्रेत. तोंड पूर्वेच्या समुद्राकडे.

मी बोरिवलीत वाढले, कान्हेरी म्हणजे आमचं मागचं अंगण. त्यामुळे इथली एक गोष्ट मला फार जवळची वाटली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण थराथरानं कोरता येतो, म्हणून कार्ले, अजिंठा, कान्हेरी डोंगरातच खोदली. लेण्यांची ही कल्पना मध्य आशिया, चीन असं करत कोरियात पोचली, पण इथला ग्रॅनाइट इतका कठीण की अख्खं लेणं खोदणं अवघड. मग सिल्लाच्या कारागिरांनी घडीव शिळा रचून घुमट बांधला, त्यावर माती टाकली आणि लेणं तयार केलं. घुमटात मध्येमध्ये लांब दगड खिळ्यांसारखे आत घुसवले आहेत, ते भार तोलून धरतात. भिंतींवर इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, बुद्धाचे दहा शिष्य आहेत, आणि मूर्तीच्या बरोबर मागे करुणेचा बोधिसत्व, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. काचेबाहेरून तो दिसत नाही, गाईडनं चित्र दाखवलं. कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात असाच अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. मी त्याला माझ्या मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यानं तो स्वतःकडे पाठवून घेतला.

ह्येचो नावाचा सिल्लाचा एक भिक्षू आठव्या शतकात भारत फिरून आला, त्याच्या वर्णनाची खंडित पोथी 1908 मध्ये चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत मिळाली. म्हणजे या दोन अवलोकितेश्वरांमधली वाट पायी तुडवलेली होती, नकाशावर कल्पनेनं ओढलेली रेघ नव्हे.

काच मात्र खटकते. 1913 नंतर जपानी अभियंत्यांनी दुरुस्तीत सिमेंट वापरलं, आत ओल धरायला लागली, आणि तेव्हापासून हवा यंत्रानं कोरडी ठेवावी लागते. चांगल्या हेतूनं केलेली दुरुस्तीही अभ्यासाशिवाय केली तर तिचा त्रास शंभर वर्षं पुरतो, हे आपल्याकडच्या गडांवर सिमेंटची पोती चढवणाऱ्यांनी इथं येऊन बघावं.

शहरातले गवताळ ढिगारे, म्हणजे राजांच्या समाध्या, चोमसॉंगदे वेधशाळा, हे सगळं भराभर बघितलं. 1973 मध्ये उकरलेल्या एका समाधीत आत जाता येतं. सोन्याचा मुकुट आणि भूर्जपत्रावर रंगवलेला पांढरा उधळता घोडा तिथंच सापडला.

शेवटचं ठिकाण सहलीत नव्हतं. मी सुवॉनच्या पोथीबद्दल बोलत होते ते ऐकून गाईडनं गाडी ह्वांगन्योंगसाकडे वळवली. मोकळं माळरान, त्यात खांबांचे दगडी पाये ओळींनी. इथं सॉनदोक राणीच्या काळात, 645 मध्ये नऊ मजली लाकडी स्तूप उभा राहिला, सुमारे 80 मीटर उंच. शत्रूराज्यातला, पेक्चेचा कारागीर अबिजी याला खास बोलावून घेतलं होतं. 1238 मध्ये मंगोलांनी तो जाळला. 'पुन्हा का नाही बांधला?' मी विचारलं. तो म्हणाला, चर्चा पुष्कळ होते, पण वरच्या मजल्यांचे जोड कसे होते याचा कागद नाही. जोपर्यंत खात्री नाही तोपर्यंत पाये तसेच राहू द्यायचे. शेजारच्या इमारतीत एक-दशांश आकाराची प्रतिकृती केली आहे, अंदाज काय तो तिथं.

मी रायगडाच्या बाजारपेठेच्या जोत्यांचे फोटो काढून दाखवले. "उत्खनन चालू आहे का?" त्याचा पहिला प्रश्न. चालू आहे म्हटल्यावर दुसरा, "कौलं जपून ठेवतात ना? तुकडासुद्धा टाकू नका म्हणावं." आणि ते का, हे दाखवायला तो आम्हाला बंद व्हायच्या आत राष्ट्रीय संग्रहालयात घेऊन गेला. 1976 पासून ह्वांगन्योंगसाला उत्खनन झालं, त्यात छपराच्या मुख्य धारेच्या टोकाला बसवायचं एक मातीचं कौल तुकड्यांत मिळालं. जोडल्यावर ते 182 सेंटीमीटर भरलं. त्या एका कौलावरून छप्पर केवढं असेल, त्याला किती जाडीचे वासे लागतील, इमारत किती रुंद असेल, असा हिशेब मांडत नेता येतो. आई त्याच्या शेजारी जाऊन ताठ उभी राहिली. कौल तिच्याहून वीतभर उंच होतं.